पहिला घास कोणाचा?

बेंगळुरूच्या जुन्या पेठांना लागून असलेली चामराजपेट ही वस्ती १८९२ मध्ये आखून वसविण्यात आली आणि म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांचे नाव तिला मिळाले. कन्नड साहित्य परिषदेचे भवन ह्याच वस्तीत आहे. १९३९ मध्ये सुरू झालेला रामनवमीचा संगीतोत्सवही येथील फोर्ट हायस्कूलच्या पटांगणाशी जोडला गेला. रामनवमीला ह्या भागातील मांडवांतून पानक, ताक आणि कोसंबरी वाटली जाते. हात पुढे करणाऱ्याला त्याचे कूळ वा गाव कोणी विचारीत नाही. भाषा मात्र येथे एक नाही. कानडीच्या जोडीला तमिळ, तेलुगू, उर्दू बोलणारी घरे आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरूत राहूनही घरात मराठी टिकवून ठेवलेली कुटुंबेही आहेत. अशा वस्तीतील एखाद्या सरकारी शाळेत दुसऱ्या प्रांतातून आलेला शिक्षक दुपारची घंटा झाल्यावर कोठे बसून जेवतो, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे काय? वरवर पाहता तो क्षुल्लक आहे. परंतु गृहस्थाश्रमातील पुष्कळसे धर्मप्रश्न ताटावरच उभे राहतात, आणि तेथेच त्यांची खरी उत्तरेही मिळतात.

कानडीत शाळेतील ह्या भोजनाला 'बिसियूट' म्हणतात; बिसि म्हणजे गरम, ऊट म्हणजे जेवण. महाराष्ट्रात त्याला खिचडी हे एकच नाव पडून गेले आहे. मुले ताटल्या घेऊन रांगेत बसतात. भात आणि सांबार, कधी बिसिबेळे भात, कधी उप्पिट्टू असे पदार्थ मोठ्या भांड्यांतून येतात. शिक्षकाजवळ घरून आणलेला डबा असतो. शिक्षकांच्या खोलीत जाऊन तो डबा उघडणे हा त्याचा निर्विवाद हक्क आहे. तथापि त्यापूर्वी त्याला एक काम करावे लागते. मुलांना वाढण्याआधी निदान एका शिक्षकाने ते अन्न चाखून पाहावे, असा देशभर नियम आहे. पहिला घास शिक्षकाचा.

हा नियम कागदावरचा उपचार नव्हे. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन येथे शाळेचे जेवण जेवून २३ मुले मृत्यू पावली. अन्न शिजविण्याच्या तेलात पिकांवर फवारावयाचे मोनोक्रोटोफॉस हे विष मिसळले गेले होते. तेलाला निराळा वास येतो आहे अशी शंका स्वयंपाकिणीला आली होती आणि चव बरी नसल्याचे मुलांनीही सांगितले होते, असे त्या वेळच्या वृत्तांतून पुढे आले. ज्या कोणी मोठ्या माणसाने त्या दिवशी मुलांच्या आधी एक घास तोंडात घातला असता, त्याला तो वास नाकारता आला नसता. त्या घटनेनंतर चाखून पाहण्याच्या नियमाची आठवण सर्व राज्यांना नव्याने करून देण्यात आली, आणि २०१५ मध्ये ह्या योजनेचे नियम केंद्र सरकारने विधिवत्‌ प्रसिद्ध केले.

आता येथे एक विलक्षण गोष्ट ध्यानात घ्यावयाची आहे. आपल्या धर्मशास्त्रांनी गृहस्थाला शिकविले ते ह्याच्या अगदी उलट. आधी अतिथी, मग लहान मुले, रोगी, गर्भवती, वृद्ध. ह्या सर्वांचे झाले की मग घरधन्याने आणि त्याच्या पत्नीने उरलेले खावे. यज्ञातून उरलेले जो खातो तो पापातून सुटतो आणि जो केवळ स्वतःसाठी शिजवितो तो पापच खातो, हा गीतेच्या तिसऱ्या अध्यायातील विचार त्याच क्रमाला धरून आहे. तेव्हा मुलांच्या आधी घास घेणारा शिक्षक हा क्रम मोडतो असे नव्हे काय?

मोडत नाही. क्रमाच्या मुळाशी काय आहे ते पाहिले पाहिजे. घरात उणीव पडली तर ती कोणाला सोसावी लागेल, हा तेथील प्रश्न आहे. म्हणून बलवान मनुष्य शेवटी बसतो. शाळेत धोका असलाच तर तो कोणाला आधी भेटावा, हा प्रश्न आहे. म्हणून बलवान मनुष्य आधी बसतो. दोन्हीकडे झीज सोसणारा एकच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या अन्नाची परीक्षा सविस्तर सांगितली आहे. शिजविणाऱ्याने स्वतः चाखावे, अग्नीला आणि पक्ष्यांना द्यावे, आणि मगच राजाने सेवन करावे, अशी ती व्यवस्था. सेवकाच्या प्राणाने राजाचा प्राण राखण्याची ती रीत होती. आजच्या शाळेत हमालाच्या किंवा मोलकरणीच्या मुलासाठी पदवीधर, पगारी मनुष्य आधी घास घेतो. ह्या उलथापालथीचे महत्त्व ज्या शिक्षकाला कळले, त्याला चमचाभर सांबार जिभेवर टेकवून वहीत सही करताना ते काम वेठीचे वाटणार नाही.

परंतु चाखणे म्हणजे जेवणे नव्हे. एक घास घेऊन सही करावी आणि मग आपला डबा उघडावा, एवढ्याने कर्तव्य संपते काय? नियमापुरते संपते. पंगतीच्या दृष्टीने ते अजून सुरूही झालेले नसते.

शिधा देणे आणि जेवू घालणे ह्यांत मराठी मनुष्य पूर्वीपासून भेद करीत आला आहे. शिधा दिला की देणाऱ्याचा संबंध दाराशीच तुटतो. जेवू घालावयाचे तर पाट मांडावा लागतो, आग्रह करावा लागतो, आणि जेवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहावे लागते. शाळेतील भोजनाच्या इतिहासातही हा भेद स्पष्ट दिसतो. तमिळनाडूत कामराज मुख्यमंत्री असताना १९५६ मध्ये शिजविलेल्या अन्नाची योजना सुरू झाली. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ला निघाली, पण बहुतेक राज्यांत ती बरीच वर्षे शिधावाटपच राहिली. नियमित हजेरी लावणाऱ्या मुलाला महिन्याला तीन किलो धान्य घरी नेण्यास मिळे. ते धान्य घरातील सर्वांच्या तोंडी जाई, आणि त्यात वाईट असे काही नव्हते. परंतु शाळेत पंगत बसत नसे. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्नच द्यावे असा आदेश दिला, तेव्हा शिध्याची पंगत झाली. पहिली ते पाचवीच्या मुलास ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलास ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने असे त्याचे माप ठरले. बेंगळुरूत तर त्याच्या आधीच, २००० साली, अक्षयपात्र ह्या संस्थेने पाच शाळांतील १५०० मुलांपासून आरंभ केला होता.

पंगत बसली म्हणजे कोण कोणाशेजारी बसतो हे दिसू लागते, आणि कोण बसत नाही हेही दिसू लागते. स्वयंपाकीण अमुक जातीची आहे म्हणून गावातील काही घरांनी मुलांना शाळेत जेवू दिले नाही, अशा वार्ता ह्या देशातील एकाहून अधिक राज्यांतून आलेल्या आहेत. अशा प्रसंगी शिक्षकाचे व्याख्यान निरुपयोगी ठरते. तो ताट घेऊन मुलांच्या रांगेत बसला आणि त्या बाईच्या हातचा भात सर्वांसमक्ष पोटभर जेवला, तर मात्र काही घडते. मुले शिक्षकाच्या बोलण्यापेक्षा त्याच्या तोंडाकडे अधिक लक्ष देतात. घास चघळताना तो चेहरा वाकडा करतो की नाही, हे त्यांना बिनचूक कळते. श्रेष्ठ जसे आचरण करतो तसे इतर लोक करतात, हे गीतेतील सूत्र राजे आणि सेनापती ह्यांच्यापुरतेच समजण्याचा प्रघात पडला आहे. वस्तुतः दहा वर्षांच्या मुलाच्या जगात शाळामास्तराहून श्रेष्ठ असा दुसरा कोण असतो?

ह्या बाबतीत कोरिया देशातील चाल मनन करण्यासारखी आहे. १९५० ते १९५३ च्या युद्धाने तो देश उद्ध्वस्त झाला, आणि तेथील शालेय भोजनाचा आरंभ परदेशी मदतीच्या अन्नावर झाला. १९८१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. आज तेथील शाळांत कप्पे पाडलेल्या धातूच्या तबकात भात, पातळ रस्सा, किमची नावाची आंबविलेली तिखट कोबी आणि दोनतीन तोंडीलावणी वाढली जातात. प्राथमिक शाळेत शिक्षक आपल्या वर्गाबरोबरच जेवतात; मुलांनी कसे बसावे, काय टाकू नये, तबक कोठे ठेवावे, हे शिकविणे तो शिक्षणाचाच भाग मानला जातो. आहाराची आखणी करणाऱ्या व्यक्तीला शिक्षकाचा दर्जा देण्याची सोयही तेथे आहे. इंग्रजी शिकविण्यासाठी परदेशांतून जे शिक्षक तेथे जातात, तेही सामान्यतः त्याच भोजनगृहात, तेच तबक घेऊन जेवतात. आणि त्या जेवणाचे पैसे ते भरतात.

ही शेवटची गोष्ट लहान दिसते, पण तिच्यात न्यायाचा एक प्रश्न दडलेला आहे. आपल्याकडील योजनेत धान्य मुलांच्या संख्येवर मोजून येते. शिक्षकासाठी त्यात वाटा धरलेला नसतो. चाखण्याचा घास कर्तव्याचा म्हणून वगळला, तरी रोज पोटभर जेवणारा शिक्षक कोणाच्या वाट्याचे खातो? सांबार पातळ होते ते कोणाच्या ताटात? देवांनी दिलेले त्यांना परत न देता जो भोगतो त्याला गीतेने चोर म्हटले आहे; शब्द कठोर आहे, आणि तो सौम्य करून वाचण्याचे कारण नाही. तेव्हा मुलांबरोबर जेवावे, आणि त्याचे मोल भरावे, अथवा त्या मोलाची डाळ, भाजी किंवा फळे शाळेच्या भांडारात आणून घालावीत, हाच सरळ मार्ग दिसतो. समरसतेच्या नावाखाली फुकट जेवणारा आणि शुचितेच्या नावाखाली दूर बसणारा, हे दोघेही आपापल्या सोयीला मोठे नाव देत असतात.

फुकट आणि विकत ह्यांचा दुसराही एक पेच कोरियानेच जगापुढे मांडला. दुपारचे जेवण सर्व मुलांना विनामूल्य द्यावे की केवळ कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांना, ह्या प्रश्नावर सेऊल शहरात २४ ऑगस्ट २०११ रोजी मतदान घेण्यात आले. सरसकट विनामूल्य भोजनाला नगरपालांचा विरोध होता. धनिकांच्या मुलांना जनतेच्या पैशाने जेवू का घालावे, हे त्यांचे म्हणणे काही अडाणीपणाचे नव्हते. मतदान २५.७ टक्के झाले. किमान एकतृतीयांश व्हावयास हवे होते. मतपेट्या न उघडताच तो विषय संपला आणि नगरपालांनी राजीनामा दिला. विरुद्ध पक्षाचा मुद्दा असा होता की, काहींना फुकट आणि काहींना विकत असे झाले म्हणजे फुकट जेवणारे मूल ओळखू येते. दुसऱ्याची नजर ओळखीत, संकोचत खाल्लेल्या भातासाठी कोरियन भाषेत एक स्वतंत्र शब्दच आहे.

मराठी वाचकाला त्या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडू नये. वार लावून जेवणारे विद्यार्थी महाराष्ट्रात आणि कर्नाटकात, दोन्हीकडे होते. कानडीतही 'वारान्न' हाच शब्द आहे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, असे सात घरांच्या आधाराने शिकून कित्येक जण मोठे झाले, आणि त्या सात घरांचे ऋण समाजाने विसरता कामा नये. अन्नसत्रे नव्हती तेथे गृहिणींनी विद्या जगविली. तरीही त्या मुलांपैकी पुष्कळांच्या मनात एक काटा राहून गेला. कोठे पडवीत पान मांडले जाई, कोठे ताक पातळ असे, कोठे घरच्या मुलाला तूप वाढून झाल्यावर तुपाची वाटी आत जाई. अन्न देणाऱ्याचा हात उदार असूनही घेणारा मिंधा होतो, तो ह्या बारीक खुणांनी. देश, काल आणि पात्र पाहून, परतफेडीची अपेक्षा न ठेवता केलेले दान सात्त्विक, असे गीता सांगते. त्यातील 'सत्कार न करता, अवज्ञेने दिलेले दान तामस' हा भाग मात्र दाते सहसा वाचीत नाहीत. शाळेच्या पंगतीत सर्व मुलांना एकच ताट आणि शेजारी शिक्षकालाही तेच ताट, ही ती अवज्ञा पुसून टाकण्याची सर्वांत स्वस्त युक्ती आहे. शिक्षक जे खातो ते भिकेचे अन्न नव्हे, हे मुलाला आपोआप समजते.

आता खरा कठीण भाग येतो. शिक्षकाचे आहारव्रत असेल तर? कोरियातील रस्सा बहुधा सुकविलेल्या लहान माशांच्या पाण्यात होतो, आणि किमचीत खारविलेली कोळंबी वा माशांचा अर्क असतो. शाकाहारी भारतीय घरातील एखादा तरुण वा तरुणी तेथे शिकविण्यास गेली, तर नुसत्या भातावर किती दिवस काढावे? किंबहुना इतके दूर जाण्याचेही कारण नाही. कर्नाटकात डिसेंबर २०२१ पासून काही जिल्ह्यांत, आणि पुढे राज्यभर, शाळेतील मुलांना अंडी देण्यास सुरुवात झाली; जी मुले अंडे खात नाहीत त्यांना केळे वा चिक्की. ह्या प्रश्नावर मठांपासून वृत्तपत्रांपर्यंत मोठा वाद झाला. चामराजपेटेतील मराठी घरातून आलेला, कधी अंडे न शिवलेला शिक्षक त्या रांगेत कसा बसेल?

छांदोग्य उपनिषदात उषस्ति चाक्रायणाची कथा आहे. कुरुदेशात गारपिटीने पिके गेली, दुष्काळ पडला, आणि हा विद्वान ब्राह्मण पत्नीसह एका माहुतांच्या गावात दैन्यावस्थेत राहू लागला. एक माहूत कुळीथ खात बसला होता. उषस्तीने त्याच्याजवळ ते मागितले. माहूत म्हणाला, माझ्या पुढ्यातले हे उष्टे तेवढेच आहेत, दुसरे नाहीत. उषस्तीने तेच घेतले आणि खाल्ले. माहुताने पाणी पुढे केले, तेव्हा मात्र ते उष्टे म्हणून त्याने नाकारले. कुळीथ उष्टे नव्हते काय, असे माहुताने विचारले असता त्याचे उत्तर मोठे मार्मिक आहे: ते खाल्ले नसते तर मी जगलो नसतो, पाणी मला हवे तेथे मिळते. ब्रह्मसूत्रांतही ह्या कथेच्या आधारे, सर्व प्रकारच्या अन्नाला मुभा आहे ती केवळ प्राण जाण्याच्या वेळी, असा निर्णय झाला आहे.

ह्या कथेचा उपयोग दोन्ही बाजू करतात. एकीला त्यात मुभा दिसते, दुसरीला मर्यादा. उषस्तीचे मोठेपण मात्र तिसऱ्याच ठिकाणी आहे: त्याने स्वतःशी लबाडी केली नाही. गरज कोठे संपते आणि सोय कोठे सुरू होते, ती रेषा त्याने भुकेल्या पोटीसुद्धा अचूक पाहिली. आजचा शिक्षक उपाशी नाही. त्याच्यापुढे आपद्धर्माचा प्रसंग नाही. म्हणून त्याने आपले व्रत मोडण्याचे कारण नाही; मोडले तर त्याला समरसतेचे नाव देऊ नये, आणि पाळले तर त्यासाठी पंगत सोडू नये. रांगेत बसावे, भात आणि केळे घ्यावे. शेजारचे मूल अंडे सोलीत असेल तर ते सोलू द्यावे. व्रताची हद्द आपल्या ताटाच्या कडेपर्यंत असते. जे मूल सकाळी काहीही न खाता आले आहे, त्याच्या ताटातील पदार्थावर शिक्षकाने नाक मुरडावे, ह्यात कोणत्याच व्रताची प्रतिष्ठा वाढत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात आहाराचे जे तीन प्रकार सांगितले, ते साधकाने स्वतःची श्रद्धा ओळखावी म्हणून. शेजाऱ्याचे ताट तोलण्यासाठी ते तराजू दिलेले नाही.

ह्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. यजमान देशाने वा शाळेने व्रतस्थाला जबरदस्ती करणे हाही तितकाच अन्याय आहे. 'आमचे खाल्ले नाही म्हणजे आम्हाला परके मानले' असा रुसवा पुष्कळ पंगतींत दिसतो. पाहुण्याने नम्रपणे नाही म्हणावे आणि यजमानाने ते हसून ऐकावे, एवढी रीत दोघांनाही साधण्यासारखी आहे. परक्या शाळेत शब्द अपुरे पडतात. तेथे रिकामे न टाकलेले ताट आणि वाढणाऱ्या बाईला केलेला नमस्कार बराचसा खुलासा करतात.

परक्या मुलखातील शिक्षक आणि शाळेचे स्वयंपाकघर ह्यांचा एक जुना प्रसंग इतिहासात नोंदलेला आहे. १९१५ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून परतल्यावर शांतिनिकेतनात गेले. फिनिक्स आश्रमातील त्यांची मंडळी तेथे आधीच येऊन राहिली होती, आणि काकासाहेब कालेलकर हे मराठी गृहस्थही त्या वेळी तेथेच होते. गांधीजींची आणि त्यांची पहिली भेट तेथलीच. गांधीजींनी शिक्षकांपुढे एक विचार मांडला: पगारी आचारी बाजूला करून शिक्षक आणि विद्यार्थी ह्यांनीच स्वयंपाक का करू नये? सुमारे सव्वाशे मुलांचा प्रश्न होता. काही शिक्षकांनी मान हलविली. पण रवींद्रनाथांनी संमती दिली. विल्यम पिअर्सन नावाचा इंग्रज शिक्षक त्यात जीव ओतून उतरला. ज्या काळी त्याच्या जातीचे लोक ह्या देशावर राज्य करीत होते, त्या काळी तो बंगाली मुलांच्या शाळेत भाजी, धान्य आणि भांडी ह्यांच्यामध्ये उभा होता. भांडी घासणाऱ्यांचा शीण हलका व्हावा म्हणून काही मुले सतार वाजवीत. प्रयोग फार काळ टिकला नाही. गांधीजींनी तो बंद पडल्याचे पुढे प्रांजळपणे लिहिले. पण ज्या १० मार्चला तो सुरू झाला, त्या दिवशी शांतिनिकेतनात अजूनही आचारी आणि सफाई करणाऱ्या सेवकांना सुटी असते आणि त्यांची कामे शिक्षक व विद्यार्थी करतात.

साताऱ्यात भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये काढलेले वसतिगृह ह्याहून अधिक टिकाऊ ठरले. निरनिराळ्या जातींची, अस्पृश्य गणलेल्या घरांतीलही, मुले तेथे एकत्र शिजवीत आणि एकत्र जेवीत. १९२७ मध्ये गांधीजींनी त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव दिले. धान्य संपले तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, मंगळसूत्रासह, त्या मुलांच्या जेवणासाठी दिले. सहभोजनावर त्या काळी महाराष्ट्रात पुष्कळ भाषणे झाली. त्यांपैकी किती जणांनी घरातील सोने बाहेर काढले, हा हिशेब कोणी केलेला नाही.

शिक्षकांची एक तक्रार येथे न्यायाने ऐकली पाहिजे. धान्याचे वजन, हजेरीचे तक्ते, गॅसच्या टाकीची नोंद, भाजीच्या पावत्या ह्यांत शिक्षकाचा वेळ जातो; शिकवावयाचे की शिजवावयाचे, असे ते विचारतात. तक्रार खरी आहे. हिशेबाचे ओझे दुसऱ्या कोणाकडे गेले तर ते इष्टच होईल. पण हिशेब आणि पंगत ह्या दोन गोष्टी एकाच दाव्याला बांधू नयेत. जपानातील शाळांत मुख्याध्यापक मुलांच्या आधी जेवून अन्नाची नोंद करतो, आणि वर्गशिक्षक वर्गात मुलांबरोबर जेवतो; तेथे कोणी त्याला शिक्षणाचा खोळंबा म्हणत नाही. दुपारच्या त्या अर्ध्या तासात परप्रांतीय शिक्षकाला जे मिळते ते प्रशिक्षणवर्गातही मिळणार नाही. वर्गात तो चुका काढणारा असतो. पंगतीत 'सारु' म्हणजे काय, 'पल्या' कशाला म्हणावे, 'साकु' हा शब्द कोणत्या सुरात म्हटला म्हणजे वाढणारी खरोखर थांबते, हे त्याला आठ वर्षांचे मूल शिकविते, आणि त्याच्या उच्चाराला मनसोक्त हसते. ज्या मुलाने शिक्षकाला एक शब्द शिकविला, ते मूल दुसऱ्या दिवशी वर्गात हात वर करण्यास फारसे भीत नाही.

राहता राहिली ती अन्न शिजविणारी आणि वाढणारी बाई. तिला वेतन नव्हे, मानधन मिळते. केंद्र सरकारने २००९ मध्ये ते महिन्याला १००० रुपये, तेही वर्षातील दहा महिनेच, असे ठरविले, आणि राज्ये त्यात आपापली भर घालतात. शिक्षकाने आधी जेवावे हे ठरले; मुलांनी मग जेवावे हेही ठरले. ती केव्हा जेवते, हे कोणत्याही नियमात लिहिलेले नाही. घरातील शेवटच्या पानाचा जुना धर्म तिच्याकडे आपोआप चालत आला आहे. चामराजपेटेत दुपारी दोन ओळखीची माणसे भेटली की 'ऊट आयता?' असे विचारतात. जेवण झाले काय, एवढाच त्याचा अर्थ. परक्या शिक्षकाला कानडीतील जी पहिली दहा वाक्ये येतात, त्यांत हे वाक्य असतेच. ते तिला विचारावे. दुपारी अडीच वाजता विचारले, तर बहुधा 'अजून नाही' असेच उत्तर येईल, कारण भांडी घासावयाची असतात.